हापूसची थेट विक्री: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं कोकणातल्या बागायतदारांची आहेत. दलालाकडे पेटी न पाठवता पुण्या-मुंबईच्या घरांत थेट आंबा पोचवणारे हे लोक. अडचण सगळ्यांची एकच आहे: पहिल्या वर्षी गिऱ्हाईक मिळतं, दुसऱ्या वर्षी येत नाही. म्हणून हे पान त्यांच्यासाठी ठेवलं आहे.

प्रश्न: मी मार्चपासून साडेतीनशे लोकांना व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवतो: ‘अस्सल देवगड हापूस, नैसर्गिकरीत्या पिकवलेला, चव एकदा घ्याल तर विसरणार नाही.’ सोबत फोटो असतो. उत्तर जेमतेम दहा-बारा जण देतात. मेसेजमध्ये काय चुकतं?
— एक बागायतदार, देवगड तालुका

उत्तर: मेसेज वाचून ज्याला आंबा घ्यावासा वाटतो, त्याच्या मनात पाच-सहा साधे प्रश्न येतात. आंबा कधी येणार? केवढा असणार? कच्चा की पिकलेला? खायला कधी मिळणार? घरपोच किती पडणार? मागणी कशी नोंदवायची? तुमच्या मेसेजमध्ये यातल्या एकाचंही उत्तर नाही. ‘अस्सल’ आणि ‘नैसर्गिक’ हे शब्द तर चौकातल्या प्रत्येक हातगाडीवर लिहिलेले असतात, त्यामुळे वाचणारा त्यावरून पुढे सरकतो.

मेसेज असा लिहून बघा. आकडे नमुन्यादाखल आहेत.

‘नमस्कार. पहिली तोड 8 एप्रिलला आहे. खोकी 9 तारखेला निघतील, पुण्यात 10 तारखेला सकाळी मिळतील. एका खोक्यात एक डझन. फळ काढणीच्या वेळी 230 ते 260 ग्रॅमचं. आंबा हिरवा आणि कडक येईल. घरी आढी लावल्यावर (गवतात पिकत ठेवल्यावर) 7 ते 10 दिवसांत, म्हणजे 17 ते 20 एप्रिलला खाण्याजोगा होईल. डझन 1,100 रुपये, घरपोच. या तोडीत 60 खोकी आहेत. हवा असल्यास किती डझन आणि पत्ता, एवढंच लिहून पाठवा.’

यात स्तुतीचं एकही विशेषण नाही, तरी वाचणाऱ्याला निर्णय घेता येतो. ‘खायला कधी मिळेल’ ही तारीख जवळजवळ कोणीच लिहीत नाही, आणि गिऱ्हाइकाला नेमकी तीच हवी असते. अक्षय्य तृतीयेला आमरस करायचा म्हणून कितीतरी घरं आंबा मागवतात. सणाच्या दोन दिवस आधी कडक फळ पोचलं तर तुमचा आंबा कितीही चांगला असला तरी त्या घरात तो दिवस हुकला. सणासाठीचं खोकं किमान दहा दिवस आधी घरात पडलं पाहिजे. त्या हिशेबाने मागणीची शेवटची तारीख ठरवा आणि मेसेजमध्ये ती स्पष्ट लिहा.

फळाचं वजन ‘काढणीच्या वेळचं’ असं मुद्दाम लिहायचं. आंबा पिकताना त्यातलं पाणी उडतं. काढताना 250 ग्रॅम असलेलं फळ पिकल्यावर 225 ग्रॅमच्या आसपास भरू शकतं. घरातल्या काट्यावर ते ठेवून कोणी ‘वजनात फसवलं’ म्हणण्याआधी तुमच्याकडून हे कळलेलं बरं.

एक तांत्रिक गोष्ट. ब्रॉडकास्ट यादीतून (एकच मेसेज अनेकांना एकदम पाठवायची व्हॉट्सॲपची सोय) पाठवलेला मेसेज फक्त त्यांनाच मिळतो, ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे. एका यादीत 256 जणच बसतात. तुमचे साडेतीनशे मेसेज गेले असं तुम्ही धरता, पण त्यातले कित्येक पोचलेच नसतील. पहिलं खोकं पाठवताना आतल्या कागदावर ‘हा नंबर बागेच्या नावाने सेव्ह करा, पुढच्या तोडीची तारीख त्यावर कळेल’ असं छापा. जो सेव्ह करणार नाही त्याला सारखे मेसेज पाठवू नका. लोकांनी तक्रार नोंदवली तर खातं बंद पडू शकतं, आणि भर एप्रिलमध्ये ते परवडणारं नाही.

प्रश्न: ‘आंबा पिकलाच नाही’, ‘सुरकुतला’, ‘आंबट निघाला’ असे फोन येतात. तोच आंबा आमच्या घरी व्यवस्थित पिकतो. खोक्यात सूचनांचा कागद घालतो, पण तो कोणी वाचत नाही.
— राजापूर तालुक्यातून एक वाचक

उत्तर: आधी फळाकडे बघू, मग कागदाकडे.

सुरकुतलेला आणि तरीही आंबट असलेला आंबा बहुतेक वेळा कोवळा काढलेला असतो. चौदा आणे तयार (पूर्ण पक्व म्हणजे सोळा आणे) फळ काढायचं, हे तुम्हाला सांगायला नको. पण पहिल्या तोडीला भाव चांगला म्हणून घाई होते आणि बारा आण्यांची फळं खोक्यात जातात. देठाजवळ खांदे भरून वर आले आहेत का आणि गडद हिरवा रंग फिका पडू लागला आहे का, ते बघा. शंका असेल तर त्या झाडाची पाच-सहा फळं पाण्याच्या बादलीत सोडा. तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं. तरंगणारी फळं निघाली तर त्या झाडाला आणखी आठवडा द्या. काढणी झेल्याने (जाळी लावलेल्या लांब काठीने) आणि देठ ठेवूनच करा. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, तिथे काळा डाग पडतो आणि देठाकडून कूज आत शिरते.

फळ नीट तयार असूनही तक्रार येत असेल तर गिऱ्हाइकाच्या घरात काय घडतं ते डोळ्यासमोर आणा. खोकं येतं, तसंच बंद ओट्याखाली राहतं, तिसऱ्या दिवशी उघडलं जातं. फळं हिरवी दिसली की कोणीतरी ती फ्रिजमध्ये ठेवतं. कच्चा आंबा 12-13 अंशांच्या खाली गेला की त्याची पिकण्याची क्रिया बिघडते. घरातला फ्रिज तर 4-5 अंशांवर असतो. साल काळपट पडते, आतला गर फिका आणि आंबट राहतो. बाहेर काढून ठेवलं तरी तो आंबा पुढे नीट पिकत नाही.

आता कागद. तो वाचला जात नाही, कारण त्यावर वर बागेचा इतिहास, मध्ये देवाचा फोटो आणि खाली बारीक अक्षरात सूचना असतात. कागदाच्या एका बाजूला फक्त सहा ओळी ठेवा. अक्षर इतकं मोठं हवं की आजीला चष्म्याशिवाय वाचता यावं. आणि कागद तळाशी नको, झाकण उघडताच वर दिसला पाहिजे.

‘खोकं आजच उघडा.
आंबे एका थरात, देठ खाली करून, आतल्याच गवतावर किंवा वर्तमानपत्रावर ठेवा. वरून कापडाने झाका.
कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवू नका.
रोज एकदा हात लावून बघा. पिकलेला वेगळा काढा, डागी लगेच काढून टाका.
रंगावर जाऊ नका. देठाजवळ वास सुटला आणि दाबल्यावर किंचित मऊ लागला की तयार.
पिकल्यावर फ्रिजमध्ये 3-4 दिवस राहतो. खाण्याआधी अर्धा तास पाण्यात घाला.’

हाच मजकूर खोकं पोचल्याच्या दिवशी मेसेजनेही पाठवा. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ठरलेला मजकूर साठवून एका खुणेने पाठवायची सोय आहे, दर वेळी टाइप करावं लागत नाही. कागद हरवतो, मेसेज सापडतो.

प्रश्न: बारा आंब्यांत तीन साक्याचे निघाले म्हणून गिऱ्हाइकाने पूर्ण खोक्याचे पैसे मागितले. साका बाहेरून दिसत नाही, मग तो आमचा दोष कसा? सगळ्यांना पैसे देत बसलो तर उरणार काय?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: साका बाहेरून दिसत नाही हे खरं. साल सुंदर, वास उत्तम आणि कापलं की बाठ्याभोवतीचा गर पांढुरका, जाळीदार, आंबट. पण गिऱ्हाइकालाही तो दिसत नव्हता, आणि पैसे त्याने बारा आंब्यांचे दिले आहेत. दोष कोणाचा हा वाद इथे घालूच नये. नुकसान कोणी सोसायचं एवढंच ठरवायचं, आणि ते विक्रेत्यानेच सोसावं असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र किती सोसायचं ते आधी लिहून ठेवलेलं असावं. तुमच्या बाबतीत भांडण झालं ते तीन आंब्यांमुळे नव्हे. नियम नव्हता, म्हणून गिऱ्हाइकाने बाराचे मागितले आणि तुम्ही शून्य म्हणालात.

मागणी घेतानाच लिहा: ‘साक्याचं किंवा सडलेलं फळ निघालं तर कापलेल्या फळाचा, बाठा दिसेल असा फोटो पाठवा. खोकं मिळाल्यापासून 15 दिवसांत कधीही चालेल. जितकी फळं तितके पैसे दोन दिवसांत परत.’ मुदत 15 दिवसांची ठेवा, कारण शेवटचं फळ कापायला तेवढे दिवस लागतात. काही जण 24 तासांची मुदत लिहितात. कडक आंब्याच्या बाबतीत तिला अर्थच नाही. पहिल्या 24 तासांत कोणी आंबा कापतच नाही, आणि गिऱ्हाइकाला हे लगेच कळतं.

आता ‘उरणार काय’ याचा हिशेब. समजा हंगामात 200 डझन गेले, म्हणजे 2,400 फळं. त्यांतली शंभरात चार खराब निघाली आणि सगळ्यांनी पैसे मागितले, तर 96 फळं, म्हणजे 8 डझन. 1,100 च्या भावाने 8,800 रुपये. 200 डझनांवर वाटले तर डझनाला 44 रुपये. ते भावातच धरा. मग पैसे परत करताना जीव खालीवर होणार नाही आणि गिऱ्हाइकाशी बोलताना आवाज चढणार नाही. आलेलं गिऱ्हाईक वर्षाला चार डझन घेणारं असेल, तर तीन फळांचे 275 रुपये वाचवून पुढच्या वर्षीचे 4,400 घालवण्यात शहाणपण नाही.

डझनाला तेरावं फळ टाकून तक्रारीचा हिशेब मिटवावा असं काहींना वाटतं. आम्हाला ते पटत नाही. ज्याचे बाराही चांगले निघाले तो पुढच्या वर्षी तेरा हा हक्क धरतो, आणि ज्याचे चार खराब निघाले त्याचं एका फळाने समाधान होत नाही.

प्रत्येक खोक्यावर तोडीचा क्रमांक आणि कलमांचा गट लिहा. ‘तोड 3, विहिरीकडचा वाफा’ एवढं पुरे. एकाच तोडीच्या तीन घरांतून साक्याची तक्रार आली तर चौथ्या फोनची वाट पाहू नका. त्या तोडीच्या सगळ्यांना स्वतःहून कळवा: ‘या तोडीत काही फळांत साका निघतो आहे. कापताना बघा आणि फोटो पाठवा, पैसे परत करतो.’ हा मेसेज पाठवायला छाती लागते. पण वाईट बातमी तुमच्याकडून आधी कळलेलं गिऱ्हाईक तुम्हाला सोडत नाही. या तक्रारी वहीत टिपून ठेवा. ती वही पुढच्या वर्षी बागेतही उपयोगी पडते, कोणत्या गटातून साका जास्त येतो ते नावानिशी कळतं.

साका कमी करण्यासाठी: फळ झाडावर पाड लागेपर्यंत (झाडावरच पिकू लागेपर्यंत) ठेवू नका, चौदा आण्यांवरच काढा. झाडाखाली गवताचं आच्छादन ठेवा, तापलेल्या जमिनीची झळ हे साक्याचं एक मोठं कारण मानलं जातं. काढणी सकाळी ऊन चढण्याआधी किंवा चारनंतर. काढलेलं फळ उघड्या कातळावर एक मिनिटही नको, थेट सावलीत.

प्रश्न: गिऱ्हाइकं विचारतात, ‘केमिकलमुक्त आहे ना?’ आम्ही मोहोरावर तुडतुड्यांसाठी फवारणी करतो. ‘हो’ म्हणावं का?
— सिंधुदुर्गातून एक वाचक

उत्तर: म्हणू नये. जे केलं तेच लिहा: ‘मोहोर ते कणी (अगदी लहान फळ) या काळात तुडतुडे ही कीड आणि भुरी हा रोग यांसाठी फवारण्या केल्या. शेवटची फवारणी अमुक तारखेला, काढणीच्या इतके दिवस आधी. पिकवण्यासाठी कोणतंही रसायन नाही, गवताची आढी.’ तारीख वहीतून लिहा, आठवणीवर नको.

बहुतेकांना खरं तर कार्बाईडबद्दल विचारायचं असतं. कॅल्शियम कार्बाईडने फळ पिकवायला देशात कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूने पिकवायला 100 पीपीएमपर्यंत परवानगी आहे. हे दोन वेगळे आहेत, हे गिऱ्हाइकाला दोन ओळींत समजावून सांगा. तुम्ही इथिलीनच्या खोलीत पिकवलेला आंबा पाठवत असाल तर तसं लिहा. त्यात लपवण्यासारखं काही नाही. ‘सेंद्रिय’ हा शब्द मात्र एनपीओपी किंवा पीजीएस या सेंद्रिय मालाच्या सरकारी पद्धतींपैकी एकीचं प्रमाणपत्र हातात असल्याशिवाय वापरू नका. थेट विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला सेंद्रिय अन्नाच्या 2017 च्या नियमांत सूट आहे, पण एका चोखंदळ गिऱ्हाइकाने कागद मागितला की सूट समजावून सांगताना तुमचीच बाजू लंगडी पडते.

‘देवगड’, ‘रत्नागिरी’ या नावांचंही तसंच. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरता येतं) मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे येतात. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या आणि तो क्रमांक खोक्यावर छापा. मागणी जास्त झाली म्हणून शेजारच्या बागेतला माल घेतलात तर तेही सांगा: ‘हे खोकं शेजारच्या गावच्या बागेतलं आहे, फळ आम्ही निवडलं.’ चव किंचित वेगळी लागली की लोकांना कळतंच.

प्रश्न: हंगाम दोन महिन्यांचा. बाकीचे दहा महिने गिऱ्हाइकाला काय लिहायचं? रोज सुप्रभात पाठवावं का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर: सुप्रभात अजिबात नको. त्यामुळे तुमचं नाव दिसलं की न उघडता पुढे जायची सवय लागते, आणि तोडीची तारीखही तशीच न वाचता जाते.

वर्षाला चार मेसेज पुरेत, पण त्यात बातमी हवी. एका कलमाची एक फांदी ठरवा आणि दर वेळी तिचाच फोटो त्याच जागेवरून काढा. डिसेंबरात मोहोर, फेब्रुवारीत वाटाण्याएवढी कणी, मार्चमध्ये गोटी किंवा सुपारीएवढं फळ, एप्रिलमध्ये भरलेले खांदे. कागदी पिशव्या बांधत असाल तर गोटीएवढ्या फळाला पिशवी घालतानाचा फोटो आणि ‘फळमाशी आणि डाग यांपासून बचाव होतो म्हणून’ ही एक ओळ. शहरातल्या माणसाला हे माहीत नसतं आणि ते वाचायला त्याला आवडतं.

पाऊस पडला तर तेही लिहा: ‘परवा रात्री अवकाळी पाऊस झाला. सालीवर काळे ठिपके येण्याची शक्यता आहे, आतून फळ चांगलं असेल. ठिपक्यांची फळं वेगळी काढून कमी भावात देऊ. पहिली तोड आठवडाभर पुढे गेली आहे.’ एवढं वाचलेल्या माणसाला ठिपक्याचं फळ मिळालं तर तो तक्रार करत नाही. ठिपके आणि देठकूज कमी करायची तर काढणीनंतर 24 तासांच्या आत फळं 52 अंशांच्या पाण्यात 10 मिनिटं ठेवतात. थर्मामीटर लावूनच करा. पाणी त्याहून तापलं तर साल भाजते.

प्रश्न: एप्रिलमध्ये फोन घ्यायला वेळ नसतो. दिवसभर बागेत. लोक म्हणतात, पैसे घेतले की फोन उचलत नाहीत.
— लांजा तालुक्यातून एक वाचक

उत्तर: फोनची वेळ ठरवून खोक्यावर छापा: दुपारी 1 ते 2, रात्री 8 ते 9. त्या दोन तासांत मात्र फोन उचललाच पाहिजे. घरातल्या एकाच व्यक्तीने हे काम घ्यावं आणि पैसे परत करायचा अधिकार त्याच व्यक्तीला द्यावा. ‘यांना विचारून सांगते’ या उत्तराने गिऱ्हाईक निम्मं तुटतं.

फोनच कमी यावेत म्हणून प्रत्येक मागणीला तीन मेसेज ठरवा. मागणी आली की: ‘2 डझन नोंदवले, 9 तारखेला निघतील.’ खोकं निघालं की गाडीचं नाव, पोचायची वेळ आणि ते कुठे घ्यायचं. उशीर होणार असेल तर तो कळल्याबरोबर तुम्हीच सांगा. तिसरा मेसेज सर्वांत मोलाचा आणि तो कोणीच पाठवत नाही. खोकं पोचल्यावर आठव्या दिवशी: ‘आंबे पिकले का? काही खराब निघाला का?’ ज्याचा एक आंबा खराब निघाला असतो तो एरवी फोन करत नाही, फक्त पुढच्या वर्षी मागवत नाही. त्याला बोलतं करायची ही एकच संधी असते.

सगळं एका लांब वहीत: नाव, पत्ता, डझन, तोड, निघाल्याची तारीख, पोचल्याची तारीख, तक्रार, काय केलं. शेवटचा रकाना मोठा ठेवा. ‘सासूबाईंना मधुमेह, लहान फळ हवं’, ‘सोसायटीत दुपारी कोणी नसतं’ असं जे कानावर पडेल ते तिथे लिहा. पुढच्या एप्रिलमध्ये त्या घराला मेसेज करताना आधी हा रकाना वाचा.

प्रश्न: एका नेहमीच्या गिऱ्हाइकाची मुलगी न्यू जर्सीला आहे. तिला एक डझन कुरिअरने पाठवा म्हणून आग्रह आहे. पाठवावा का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: नाही. अमेरिकेत भारतीय आंब्याला 2007 पासून प्रवेश आहे, पण मान्यताप्राप्त केंद्रात विकिरण प्रक्रिया (किडीच्या बंदोबस्तासाठी फळावर किरणांचा मारा) करून आणि तपासणीच्या कागदांसहच. खासगी कुरिअरने गेलेलं खोकं तिथे अडवलं जाऊन नष्ट होतं. पैसे घेऊन ते पाठवू नका. त्यांना कारण सांगा आणि सुचवा की मुलीने तिथल्या भारतीय किराणा दुकानात हंगामात येणारा, निर्यातदाराने पाठवलेला हापूस विचारावा. तुम्हाला त्यात एक रुपयाही मिळणार नाही. तरी आई-वडिलांचे चार डझन तुमच्याकडेच नोंदवले जातील.